तीन पुस्तकांचं एक लॅटिन

मनुष्याच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की त्या क्षणी स्वतःच्या अंगणाची वेस ओलांडून त्याला विश्वाच्या ज्ञानभांडाराकडे झेप घ्यावीच लागते. माझ्या आयुष्यात हा क्षण १९५४ सालच्या माघी पौर्णिमेला, भोरच्या वाचनालयात, 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द वेळेवर न सुचल्यामुळे आला.

झालं असं. मी, घैसासशास्त्री आणि टिपणीस कंपाउंडर असे तिघे नेहमीच्या बाकावर बसून एकच वर्तमानपत्र वाचत होतो. शास्त्री पहिलं पान वाचत, टिपणीस जाहिराती वाचत, आणि मी ते दोघे जे म्हणतील त्याच्या उलट बोलत असे. एवढ्यात दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. एक पासलीचा गेनबा. दुसरा पासलीच्या वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातला हैबती. दोघांच्या मध्ये एक म्हैस आडवी मावेल एवढं अंतर होतं, आणि दोघांच्या हातात कोळशाने अक्षरं काढलेला एकेक कागद होता.

"हितं फिरंगी अक्षर वाचनारं कुनी हाय का?" गेनबाने विचारलं.

भानगड घंटेची होती. पासलीच्या वाघजाईच्या देवळात एक दांडगी घंटा. कोकणातल्या कुठल्याशा लढाईत फिरंग्याच्या देवळातून कोणा पूर्वजाने उतरवून आणलेली. आता कोणाच्या पूर्वजाने, तर गेनबाचं म्हणणं पासलीच्या. हैबतीचं म्हणणं, पासलीच्या पूर्वजाला रिकाम्या हाताने घाट चढताना धाप लागत होती, तो घंटा काय चढवणार? ती धनगराने चढवली. जत्रेत पहिला टोल द्यायचा मान कोणाचा, हे त्यावर अवलंबून. गेल्या वर्षी दोघांनी एकदमच हात घातला, तेव्हा घंटेच्या आधी चारपाच डोकी वाजली आणि महालकरीसाहेबांनी घंटा उतरवून कचेरीत आणून ठेवली. (कुठल्या कचेरीत ते मी सांगत नाही. तिथले अवल कारकून अजून नोकरीत आहेत.) साहेबांचा निवाडा असा : घंटेवर ज्याचं नाव असेल त्याची घंटा. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेपर्यंत जाणकाराकडून मजकूर वाचून घ्या आणि दाखला आणा. नाही आणलात, तर घंटा बेवारस ठरवून पुण्याला रवाना.

पुढे आपली घंटा कोण पळवणार आहे हे ओळखून पाद्र्याने त्या पळवणाराचं नाव आधीच तिच्यावर कोरून ठेवलं असेल, ही कल्पना सरकारी डोक्याखेरीज कुठे उगवत नाही. मी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणालो, "लॅटिन आहे."

हे खरं होतं. संस्थानच्या दप्तरखान्यात मी तीस वर्षं दप्तरदार होतो. तिथल्या एका जुन्या पेटीवर अशीच अक्षरं होती, आणि दिवाणसाहेब ती बघून 'लॅटिन' असं म्हणाल्याचं मला आठवत होतं. दिवाणसाहेबांनी पुढे काही म्हटलं नाही, यावरून त्यांनाही तेवढंच येत असावं.

"तुमाला येतं?" हैबती म्हणाला.

शास्त्र्यांनी पहिलं पान खाली ठेवलं. संस्थान विलीन झालं, दप्तर पुण्याला गेलं, मी भोरला उरलो. त्यानंतरच्या सहा वर्षांत "तुम्हाला येतं का?" असं मला कोणी विचारलंच नव्हतं. "तुम्हाला झेपेल का?" एवढंच विचारत. मी 'हो' म्हणालो नाही. मी फक्त 'नाही' म्हणालो नाही. तेवढ्या अवकाशात गेनबा वाकला, पायाला हात लावून म्हणाला, "बास! वाघजाईनंच गाठ घातली. रावसाहेब, घंटा पुण्याला गेली तर पासलीची अब्रू गेली."

"आन् वाड्याची," हैबती म्हणाला.

"वाड्याची नंतर."

दोघे भांडत पायऱ्या उतरले. हाताशी आठ आठवडे होते. आठ आठवड्यांत लॅटिन येतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. कोणतं पुस्तक घ्यावं, एवढाच विचारला. मराठी माणसाला पुस्तक मिळालं की विद्या मिळालीच असं वाटतं. म्हणून तर घरोघरी व्यायामाची पुस्तकं आहेत.

सल्ल्याला तोटा नव्हता. घैसासशास्त्री म्हणाले, "पुस्तक कशाला? लॅटिन म्हणजे संस्कृतचीच वाट चुकलेली मुलगी. आपण नुसतं आपल्या जागी ठाम बसायचं, ती आपोआप माहेरी येते." मी गेनबाचा कागद त्यांच्यापुढे धरला. शास्त्र्यांनी तो दोनदा फिरवला आणि म्हणाले, "हिला अजून वाट सापडलेली दिसत नाही."

टिपणीस कंपाउंडर जरा अधिकाराने बोलले. एकतीस वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या आणि चिठ्ठीवरची ती आखूड अक्षरं लॅटिनच असतात असं त्यांनी मला सांगितलं. मला आनंद झाला. घरच्या घरी पंडित मिळाला! मी त्यांना घंटेचा मजकूर दाखवला. त्यांनी बराच वेळ तो न्याहाळला आणि गंभीरपणे म्हणाले, "दिवसातून तीनदा. जेवणानंतर."

"घंटा?"

"ते मी सांगू शकत नाही. माझं काम मात्रेपुरतं. मात्र पुस्तक घ्याल तर सडपातळ घ्या, खासनीस. जाड पुस्तक आणि कडू औषध, माणूस बाटली उघडतो पण संपवत नाही."

सौभाग्यवतींचं मत मी विचारलं नव्हतं, म्हणून ते लगेच मिळालं. "मोडी येते ती वाचून घ्यायला कोणी येत नाही, आता ही आणखी कशाला?"

पुस्तक वाचनालयाने घ्यावं म्हणून मी रीतसर मागणी केली. आमच्या वाचनालयाचा नियम असा, की पुस्तकाची मागणी तीन सभासदांनी करावी आणि ठराव समितीपुढे यावा. तो आला. समितीत एकाने आक्षेप घेतला, "इंग्रजांना घालवलं त्याला सात वर्षं झाली नाहीत, तोच तुम्ही त्यांच्याही आधीच्यांना बोलावताय!" दुसरे म्हणाले, लॅटिन घेतलं तर ग्रीक काय पाप केलंय? तिसरे म्हणाले, आधी कपाटाची काच बसवा. शेवटी काचेचा ठराव पास झाला आणि लॅटिनसाठी उपसमिती नेमली गेली. उपसमितीची बैठक अजून व्हायची आहे. तिच्यातले दोघे वारले.

तेव्हा मी स्वतःच एसटीने पुणं गाठलं. अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पुस्तकांच्या ढिगावरून न उतरता विचारलं, "परीक्षा कुठली?"

"घंटेची," मी म्हणालो.

तो त्या परीक्षेचं नाव आठवू लागला. मग त्याने ढिगातून तीन पुस्तकं खाली सोडली. पहिलं सडपातळ, ऐंशी पानांचं. 'लॅटिन तीन महिन्यांत' असं त्याच्या कपाळावर इंग्रजीत छापलेलं. दुसरं मध्यम बांध्याचं, एकशेचाळीस पानांचं, कोणा विलायती मास्तराने शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेलं. समासात एका मुलाने त्या मास्तराचं चित्र काढलं होतं. ते बघून शिक्षणपद्धतीची चांगली कल्पना येत होती. तिसरं चारशे पानांचं, कोणा पाद्र्याचं. ते उचलताना दुकानदारानेही 'राम' म्हटलं.

माझं काही ठरेना. सडपातळ पुस्तक 'सोपं आहे, सोपं आहे' असं दर पानावर सांगत होतं. एवढं सोपं असतं तर एकदा सांगून भागलं असतं. जाडं पुस्तक काहीच सांगत नव्हतं, नुसतं कोष्टकं मांडून बसलं होतं. दुकानदार म्हणाला, "पसंतीवर घेऊन जा. महिन्याच्या आत दोन परत आणा." लुगड्यांसारखं हे. मला पद्धत आवडली. तिन्ही पिशवीत घालून भोरला आलो.

त्यानंतर आमच्या ओसरीवर जे झालं ते मी फक्त लग्नाच्या मुली बघताना पाहिलं होतं. आळीतला जो तो पुस्तकं बघायला येई. पुस्तक पालथं घाली, बांधणी दाबून बघे, पहिलं पान वाचायला लावी. योगायोगाने तिन्ही पुस्तकांची सुरुवात सारखीच होती : एक शेतकरी एका मुलीला गुलाब देतो. माझी पुस्तकाची परीक्षा चालली असताना गेनबा प्रगती विचारायला आला होता. मी मोठ्या तोऱ्याने त्याला ते वाक्य मराठीत करून सांगितलं.

"कुठला शेतकरी?" गेनबाने विचारलं.

"रोमचा."

"त्येला बायको न्हाई?"

"पुस्तकात नाही."

"मंग म्हनूनच. भात कोन लावतंय तिथं?" तो काळजीत पडून उठला. "रावसाहेब, ह्यो मानूस घंटंपर्यंत कवा पोचायचा?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला राग आला. गेनबाच्या आणि हैबतीच्या कागदांचाही एक घोळ होता. मजकूर घंटेच्या पोटाभोवती गोल कोरलेला. गोलाला सुरुवात कुठली? घंटा कचेरीत जाण्याआधी गेनबाने तो देवळाच्या दाराकडून लिहून घेतला होता, हैबतीने डोंगराकडून. दोघांचे पहिले शब्द वेगळे, आणि दोघेही आपलाच शब्द पहिला म्हणून हटून बसलेले. तेव्हा मी ठरवलं, घंटा प्रत्यक्ष बघायची. तिन्ही पुस्तकं बरोबर न्यायची, आणि जे पुस्तक घंटेशी जमवून घेईल ते ठेवायचं. निवडीची याहून शास्त्रीय रीत मला तरी ठाऊक नाही.

कचेरीत घंटा व्हरांड्याच्या कोपऱ्यात होती. तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर दोरी, दोरीवर लाखेची मोहोर. मी अवल कारकुनांना येण्याचं कारण सांगितलं.

"तुम्ही वादी?"

"नाही."

"प्रतिवादी?"

"नाही. मी वाचणार."

त्यांनी अर्जाचा छापील नमुना वरून खाली पाहिला. "वाचणारा असा रकाना नाही. मुद्देमाल बघायचा अर्ज वादी किंवा प्रतिवादीनं द्यायचा, त्यावर दुसऱ्याची हरकत मागवायची, मग मोहोर काढायची."

"साहेबांनीच वाचून आणायला सांगितलंय ना?"

"वाचून आणा म्हणालेत. बघून आणा असं कुठंय?"

मी तीस वर्षं लोकांना अशीच उत्तरं दिली होती. पण ती इतकी चीड आणणारी असतात हे मला कोणी कळवलं नव्हतं. मी परतीची एसटी धरली. शेजारी हैबतीची आई आक्काबाई येऊन बसली. लेकीला द्यायला नसरापूरला निघालेली, मांडीवर ताकाचं मडकं. माझी पिशवी तिच्या पायाशी. तिने पिशवीकडे बघून विचारलं, "त्यात काय हाय?"

"विद्या," मी म्हणालो. त्याच वेळी एसटी खड्ड्यात गेली.

मडकं फुटलं नाही, फक्त पालथं झालं. आक्काबाई आधी मडक्याच्या काठावरून हात फिरवून बघत राहिली, मग पिशवीकडे बघितलं. "लई वंगाळ झालं," ती म्हणाली. मला वाटलं, पुस्तकांबद्दल बोलतेय. "चार म्हशींचं ताक व्हतं."

"आक्काबाई, माझी पुस्तकं!"

"ताकानं काय हुतंय? मी तर ताकानं कातडी धुते. मऊ हुत्यात."

पुस्तकं खरोखरच मऊ झाली. इतकी, की घरी पिशवीतून काढताना पाठी हातात आल्या आणि पानं पिशवीत राहिली. सौभाग्यवतींनी सहाशेवीस पानांचे कागद परसात दोरीवर, तुळशीवर आणि जास्वंदीवर वाळत घातले. दुपारी वारा सुटला. आळीतली माणसं पानं गोळा करून आणून देत होती आणि प्रत्येक जण म्हणत होता, "हे घ्या तुमचं लॅटिन." संध्याकाळपर्यंत सगळी विद्या एका टोपलीत जमली. वास मात्र कढीचा येत होता.

टोपली घेऊन मी कुंडलिक जिनगराकडे गेलो. कुंडलिक माझ्या हाताखाली बावीस वर्षं दप्तरखान्यात बांधणी करत होता. बांधणीत त्याचा हात धरणारा सबंध मावळात नाही. इंग्रजी त्याला येत नाही, पण आकडे कुठलेही असोत, तो बिनचूक लावतो. मी त्याला म्हटलं, "कुंडलिका, नीट लावून, शिवून, पुठ्ठा घालून दे. घाईचं आहे." आणखी काही सांगण्याची मला गरज वाटली नाही. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका मी आणखी काही सांगण्याची गरज न वाटल्यामुळे केल्या आहेत.

चार दिवसांनी त्याने मला एक देखणा ग्रंथ आणून दिला. एकच. कापडी पाठ, खणाची कडा, वीतभर जाड.

"तिन्ही एकत्र बांधलीस?"

"तीन कुठं व्हती, रावसाहेब? टोपली एकच व्हती."

मला वाटलं, एकामागे एक तीन पुस्तकं बांधली असतील. बरंच झालं, निवडण्याचा प्रश्न मिटला. दुकानदाराचं कार्ड आलं, दोन परत कधी करता? मी उलट टपाली कळवलं की निवड चालू आहे. आणि अभ्यासाला बसलो.

तीन आठवडे मी रोज पहाटे तो ग्रंथ वाचला. पहिल्या पानावर शेतकऱ्याने मुलीला गुलाब दिला. पान उलटलं, तर शेतकऱ्याने पुन्हा मुलीला गुलाब दिला. आणखी एक पान उलटलं, तिथेही दिला. मला शेतकऱ्याच्या चिकाटीचं कौतुक वाटलं. पुढे गोष्ट वेग घेऊ लागली. मुलगी विहिरीवर गेली, तोच एक सेनापती तिथून नदी ओलांडून गेला, आणि लगेच राणीने आपल्या बदकांना हाका मारल्या. शेतकऱ्याने नांगर धरला. शत्रूंनी तट फोडला. मास्तर मुलांना म्हणाला, टेबल लाकडाचं आहे. खलाशी रडत होता. का, ते कुठेच दिलं नव्हतं.

मी वाचनालयात सांगू लागलो, रोमन लोकांचं जीवन फार धावपळीचं होतं. शास्त्री म्हणाले, "म्हणूनच बुडाले." मी त्यांच्या राज्यकारभारावर एक लहानसं भाषणही केलं. त्यात बदकांचं राजकीय महत्त्व सांगितलं.

जत्रेला आठ दिवस उरले तेव्हा टिपणीस घरी आले. ग्रंथ चाळता चाळता थबकले. "खासनीस, बाराव्या पानावर काय वाचलंत?"

"खलाशी रडतो."

"माझ्या बाराव्या पानावर टेबल आहे." त्यांनी पान उलटलं. "आणि हेही बारावंच. इथं नदी." त्यांनी ग्रंथ पुढे-मागे केला. "सगळीच पानं तीन-तीनदा आहेत. दिवसातून तीनदा!" एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं निदान बरोबर आलं होतं.

मी ग्रंथ उचलून तडक कुंडलिकाकडे गेलो. "हे काय केलंस?"

तो शांतपणे म्हणाला, "एकाखाली एक, दोनाखाली दोन. मधी येक आकडा चुकलेला दाखवा, आत्ता हात तोडून देतो."

"अरे, मजकूर वेगवेगळा आहे!"

"म्या मजकूर कशाला बघू?" कुंडलिक दुखावला. "तुमचाच दंडक हाय, रावसाहेब. म्या कामाला लागलो त्या दिशी तुमी सांगितलं, कुंडलिका, आकडा बघ, मजकुरात नाक खुपसू नगंस. येकदा वाचत बसलो व्हतो तर आठ दिवस घरी बशीवलं व्हतं."

हे खरं होतं. सबंध संस्थानचं दप्तर आम्ही असं लावलं होतं. आता पुण्याला ते कोणी वाचायला घेतील तेव्हा भोरच्या राज्यकारभाराबद्दल त्यांचं काय मत होईल, या विचाराने मला तिथेच ओट्यावर बसावं लागलं.

घरी येऊन मी सौभाग्यवतींना म्हणालो, "संपलं. गेनबाला कळवून टाकतो, मला लॅटिन येत नाही." हे वाक्य उच्चारायला मला सात आठवडे आणि सहाशेवीस पानं लागली. उद्यापासून वाचनालयात कोणत्या तोंडाने बसायचं, आणि जन्मभर घंटेच्या टोलाला जत्रा सुरू करणारं ते गाव मुक्या देवळापुढे उभं राहील तेव्हा कोणाचं नाव घेईल, हे मला दिसत होतं.

सौ. तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बारीक पुस्तकं कुठंतरी संपत असतील ना? त्यापुढे एकटं जाडंच असणार. तिथून वाचा."

मी ग्रंथ मधेच उघडला. एकशेचाळिसाव्या पानापुढे खरंच सगळं शहाण्यासारखं होतं. पाद्री एकटा बोलत होता. आणि अगदी शेवटी, जिथे माझ्यासारखा माणूस एरवी सात जन्मांत पोचला नसता, तिथे त्याने नेहमीच्या प्रार्थना दिल्या होत्या. डाव्या बाजूला लॅटिन, उजव्या बाजूला इंग्रजी. तिसऱ्या प्रार्थनेवर माझं बोट थांबलं. मी कपाटातून गेनबाचा कागद काढला. अक्षर न् अक्षर तेच. 'ओरा प्रो नोबिस.' हैबतीचा कागद तिथूनच सुरू होत होता आणि गेनबाचा तिथे संपत होता. म्हणजे सुरुवात गेनबाची बरोबर होती, पण त्यातून कोणाचं काही साधत नव्हतं, कारण मजकुरात नाव एकच होतं, आणि ते फिरंग्यांच्या देवीचं होतं, ना पासलीचं, ना धनगरवाड्याचं.

चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी ठेवणीतला कोट घालून, उपरण्याची घडी मोडून, ग्रंथ बगलेत मारून कचेरीत हजर झालो. दाखला तयार होता : मूळ मजकूर, शब्दार्थ, भावार्थ आणि खाली 'लॅटिनवेत्ता' अशी सही. आवारात एका बाजूला पासली, दुसऱ्या बाजूला धनगरवाडा. मी मधून चालत गेलो तेव्हा दोन्ही बाजूंनी वाट करून दिली. असा मान मला संस्थानातही मिळाला नव्हता.

"साहेब आहेत?"

"कुठले?" अवल कारकून म्हणाले. "ते परवाच बदलून गेले. नवे आलेत."

नवे साहेब बाहेर आले ते गोणपाटाला ठेच लागूनच. पाय चोळत ओरडले, "हे काय आहे?"

"घंटा, साहेब. मुद्देमाल. पासली विरुद्ध—"

"व्हरांड्यात? आज तीन वेळा पडलो मी! मोहोर काढा आणि आत्ताच्या आत्ता घेऊन जा म्हणावं. दुपारपर्यंत उचलली नाही तर पुण्याच्या ट्रकमध्ये टाका."

"साहेब," मी दाखला पुढे केला, "घंटेवर कोणाचं नाव आहे हे—"

"आहे ना नाव? छान. घेऊन जा." आणि ते लंगडत आत गेले.

मोहोर तुटली. गोणपाट खाली पडलं. गेनबाच्या माणसांनी घंटेला हात घातला, ती हलली नाही. हैबतीच्या माणसांनी त्यांना बाजूला सारून हात घातला, तरी ती हलली नाही. पुण्याचा ट्रक फाटकाशी उभाच होता. गेनबाने ट्रककडे पाहिलं, हैबतीने गेनबाकडे.

"काय बघतुस?" गेनबा म्हणाला. "धर तिकडनं."

"टोल?"

"दोघं मिळून देऊ. आता धर, न्हाईतर पुन्यात वाजंल!"

चौदा माणसांनी 'वाघजाईच्या नावानं' म्हणून घंटा उचलली आणि बैलगाडीकडे नेली. माझ्या भावार्थासाठी कोणी थांबलं नाही. व्हरांड्यात उरलो मी आणि आक्काबाई. तिला निदान पुस्तकाबद्दल काही वाटत असेल म्हणून मी तिच्याजवळ गेलो.

"आक्काबाई, घंटेवर काय लिहिलंय, ठाऊक आहे?"

"काय?"

मी दोन पावलं मागे सरलो, ग्रंथ उघडला आणि आवाज लावून आधी लॅटिनमध्ये, मग मराठीत वाचलं, "'माते, आमच्यासाठी विनंती कर.'"

आक्काबाई पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. ते येत नाही असं दिसल्यावर म्हणाली, "येवढंच? ह्ये तर आमी रोज म्हनतो वाघजाईला. त्येला येवढं बुक लागतं व्हय?"

मी ग्रंथ मिटला. कढीचा वास अजून येत होता. दाखला खिशात घालून मी पायऱ्या उतरू लागलो, तोच अवल कारकुनांनी खिडकीतून एक कागद बाहेर सरकवला आणि गेनबा तो घेऊन माझ्याकडे धावत आला. मागोमाग हैबतीही. दोघांमध्ये आता शेळीसुद्धा मावली नसती.

"रावसाहेब, बरं झालं तुमी हाय! आमच्यात कुनाला लिवाय येत न्हाई," गेनबा धापा टाकत म्हणाला. "कारकून म्हनतो, सही-आंगठा नंतर, आदी लिवून द्या. तेवढं 'घंटा पोचली' येवढं लिवा. आन् साध्या मराठीत लिवा बरं का. पुन्यांदा कुनाकडनं वाचून घ्यायला नगं."